उतारा कीं वांटा ?

(नभोवाणीवरील भाषण)

मराठी भाषेंत 'उतारा' असा एक शब्द आहे. एखाद्या ग्रंथांतील चार ओळी आपण आपल्या वहींत उतरून घेतों, त्यास उतारा म्हणतों. पुढें त्या वहींतील ओळींवर शाई सांडली, शब्द खोडले, किंवा समासांत नाहीं नाहीं तें लिहिलें, तरी मूळ ग्रंथास त्याचा कांहीं उपसर्ग होत नाहीं. दुसरा शब्द आहे 'वांटा'. वडिलोपार्जित वाड्यांतील माडीवरच्या दोन खोल्या आपल्या वांट्यास आल्या, तर त्या आपल्या खऱ्या. परंतु त्यांची एखादी भिंत पाडावयास निघालों, कीं सबंध वाड्यास हादरा बसतो व खालचे चुलतबंधु धांवत वर येतात. या दोहोंतील भेद व्यवहारांत कोणासहि समजावून सांगावा लागत नाहीं. परंतु ज्या यंत्रांवर आज आपला बहुतेक हिशेब सोंपविलेला आहे, त्या संगणकांच्या जगांत हा साधा भेद साठांहून अधिक वर्षें मोठमोठ्या बुद्धिमंतांस छळीत आला आहे. एखाद्या लांबलचक यादींतून तिचा कांहीं भाग वेगळा काढला, तर हातीं येतो तो उतारा, कीं वांटा ? या एका प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

आरंभीं संगणकांतील यादी म्हणजे काय, तें पाहिलें पाहिजे. संगणकाची स्मृति म्हणजे क्रमांक घातलेल्या खणांची एक अतिशय लांब रांग होय. एका शाळेंतील शंभर विद्यार्थ्यांचे गुण या खणांत ओळीनें ठेवले आहेत, असें समजा. मुख्याध्यापकांस त्यांपैकीं लागोपाठच्या दहा विद्यार्थ्यांचे गुण वेगळे काढून त्यांवर कांहीं आंकडेमोड करावयाची आहे. हें दोन रीतींनीं करतां येईल. एक रीति अशी कीं, ते दहा आंकडे दुसऱ्या दहा मोकळ्या खणांत उतरवून काढावयाचे. दुसरी अशी कीं, कांहींच उतरवावयाचें नाहीं. 'अमुक खणापासून पुढें दहा' एवढेंच एक टांचण करून ठेवावयाचें. पहिल्या रीतींत जागा लागते व वेळहि लागतो. दुसरींत दोन्ही वांचतात. परंतु मुख्याध्यापकांनीं सहज म्हणून आपल्या त्या दहांत प्रत्येकीं पांच गुण वाढवून पाहिले, कीं मूळ निकालपत्रकहि त्याबरोबर बदलतें. आंकडे दहा असोत कीं दहा लक्ष असोत, निवड करावयाची ती याच दोहोंतून.

ज्या काळांत हा प्रश्न उद्भवला, त्या काळीं जागा व वेळ या दोहोंचीहि मोठी टंचाई होती. अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीचें '७०४' हें यंत्र त्या वेळीं मोठें गणलें जात असे. त्याच्या स्मृतींत कमींत कमी ४,०९६ व जास्तींत जास्त ३२,७६८ शब्द मावत. आणि 'शब्द' म्हणजे शून्य व एक अशा छत्तीस अंकांचा एक गट. आजच्या खिशांतील फोनची स्मृति याच्या हजारों पट असते. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं याच यंत्रासाठीं 'फोर्ट्रान' ही भाषा सिद्ध केली. तींत यादीचा भाग तोडून घेण्यास स्वतंत्र चिन्ह नव्हतें. तसा भाग हवा असेल, तर एक एक आंकडा उचलून नव्या जागीं ठेवण्याची आज्ञा पुनःपुन्हां बजावावी लागे. उलट, त्याच भाषेंत 'ईक्विव्हॅलन्स' नांवाची एक सोय होती. तिच्या योगानें एकाच खणास दोन नांवें देतां येत. उतारा हवा तर श्रम करा, वांटा हवा तर एक ओळ लिहा, अशी ती स्थिति होती. जागेची काटकसर हा तेव्हां आवडीचा प्रश्न नव्हता. त्यावांचून काम चालणेंच शक्य नव्हतें.

याच सुमारास, १९५८ मध्यें, मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन मॅकार्थी हे निराळ्या मार्गानें चालले होते. त्यांस आंकड्यांपेक्षां सूत्रें, विधानें व तर्क यांच्या याद्या हाताळावयाच्या होत्या. आणि अशी यादी केव्हां वाढेल व केव्हां आटेल, याचा नेम नसतो. म्हणून त्यांच्या 'लिस्प' भाषेंत यादी सलग खणांत ठेवीत नसत. या कल्पनेचा पाया नेवेल, शॉ व सायमन या तिघांनीं आधींच घातला होता. प्रत्येक खणांत दोन पत्ते असत : एक त्या जागच्या वस्तूचा, व दुसरा पुढच्या खणाचा. मुलांच्या खेळांत एका चिठ्ठींत दुसऱ्या चिठ्ठीची जागा लिहिलेली असते, तसाच हा प्रकार. हे दोन पत्ते '७०४' यंत्राच्या एका शब्दाच्या दोन भागांत बसत, आणि त्या भागांच्या नांवांवरून 'कार' व 'कुडर' हीं दोन चमत्कारिक नांवें पडलीं. तें यंत्र केव्हांच मोडींत निघालें. नांवें मात्र राहिलीं.

या रचनेंत एक मोठें मर्म आहे. यादीचें शेंपूट हवें असेल, तर कांहींच उतरवावें लागत नाहीं. तिसऱ्या खणाचा पत्ता घेतला, कीं तिसऱ्यापासून शेवटपर्यंतची यादी आपोआप हातीं आली. परंतु यादीचें डोकें, म्हणजे पहिल्या तीनच वस्तु हव्या असतील, तर तसें चालत नाहीं. मूळच्या तिसऱ्या खणांत चौथ्याचा पत्ता लिहिलेला आहे. तो पुसावा तर मूळ यादीच तुटते. तेव्हां ते तीन खण नवे घेऊन पुन्हां लिहावे लागतात. शेंपूट वांट्यानें मिळतें, डोक्याचा मात्र उतारा करावा लागतो. आणि वांटा आला कीं त्यामागून वांट्याची कटकटहि आली. एकाच खणावर पांच याद्यांचा हक्क असेल, तर तो खण रिकामा झाला असें कोणीं व केव्हां समजावें ? १९६० सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत मॅकार्थी यांनीं उत्तर दिलें, तें असें : कोणत्याहि पत्त्यानें ज्याच्यापर्यंत पोहोंचतां येत नाहीं, असे बेवारस खण यंत्रानेंच शोधून काढावे व पुन्हां वापरांत आणावे. त्याच वर्षीं जॉर्ज कॉलिन्स यांनीं सामाईक खणाबरोबर त्याच्या वांटेकऱ्यांची संख्याच नोंदून ठेवण्याची युक्ति सुचविली. या दोन्ही युक्त्या आजहि चालू आहेत. जागा वांचविण्यासाठीं वांटा घेतला, आणि वांटा सांभाळण्यासाठीं कारभारी नेमावा लागला, असा हा प्रकार झाला.

येथून पुढें या कथेचा मुख्य भाग युरोपांत घडतो, तोहि बव्हंशीं एकाच शहरांत. हॉलंडमध्यें ॲमस्टरडॅम येथें १९४६ सालीं 'मॅथेमॅटिश सेंट्रम' ही गणितसंस्था स्थापन झाली. तेथील आद्रियान व्हान वाइनगार्डन यांच्या नेतृत्वाखालीं 'ॲल्गोल ६८' ही भाषा घडविण्यांत आली. तिची व्याख्या १९६८ च्या डिसेंबरांत म्यूनिक येथील सभेंत संमत झाली, पण एकमतानें नव्हे. कांहीं सभासदांनीं आपलें विरोधाचें निवेदन तिला जोडलें, आणि त्यांत याच संस्थेंत १९५२ पासून १९६२ पर्यंत काम केलेल्या एड्सगर डायक्स्ट्रा यांचेंहि नांव होतें. मोठ्या व विश्वसनीय आज्ञावली रचण्याचें साधन म्हणून ही भाषा पुरी पडत नाहीं, असा त्यांचा अभिप्राय होता. भाषा फारशी रुजली नाहीं, हें खरें. तथापि आपल्या विषयापुरतें पाहिलें, तर तिनें केलेलें काम विसरतां येत नाहीं. यादीच्या भागास तिनें 'स्लाइस', म्हणजे 'काप', असें नांव दिलें. यादीच्या नांवापुढें चौकटी कंसांत '२ : ४' असें लिहिलें, कीं दुसऱ्या जागेपासून चौथीपर्यंतचा काप मिळे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, तो काप उतारा आहे कीं वांटा, याचा खुलासा भाषेच्या नियमांतच केलेला होता. बदलतां येण्याजोग्या यादीचा काप हा वांटा असे. त्यांत जें लिहाल तें मूळ यादींतच लिहिलें जाई. तोच काप दुसऱ्या एखाद्या यादीस देऊन टाकला, म्हणजे त्याचा उतारा होई. कोणत्या वेळीं काय घडेल, हें नियमांवरून आधीं सांगतां येत असे.

काप घ्यावयाचा, तर सुरी नेमकी कोठें ठेवावयाची, हाहि प्रश्न ओघानें आलाच. हा प्रश्न पोरकट नाहीं. आपल्याच भाषेंत पाहा : दिवस सात, पण आपण त्यांस 'आठवडा' म्हणतों, आणि पुढच्या सोमवारीं भेटावयाचें असल्यास 'आठ दिवसांनीं भेटूं' असें म्हणतों. दोन्ही सोमवार मोजले तर आठ, एकच मोजला तर सात. बोलण्यांत हें खपून जातें. यंत्रांत खपत नाहीं. तेथें एका दिवसाची चूक म्हणजे एका विद्यार्थ्याचे गुण गळणें, किंवा शेजारच्या यादींतील भलताच आंकडा हिशेबांत शिरणें होय.

डायक्स्ट्रा यांनीं ११ ऑगस्ट १९८२ या दिवशीं या प्रश्नावर एक छोटेंसें टिपण लिहिलें. दोनपासून बारापर्यंतचे अंक सांगण्याच्या चार रीती त्यांनीं मांडल्या : दोन्ही टोकें धरावयाचीं, दोन्ही सोडावयाचीं, खालचें धरून वरचें सोडावयाचें, किंवा वरचें धरून खालचें सोडावयाचें. एकच टोंक धरण्याच्या ज्या दोन रीती आहेत, त्यांत एक सोय अशी कीं, वरच्या मर्यादेंतून खालची वजा केली असतां किती वस्तु तें ताबडतोब कळतें; आणि एक काप जेथें संपतो, त्याच अंकावर दुसरा सुरू होतो, मध्यें फट पडत नाहीं कीं दुबार मोजणी होत नाहीं. आतां या दोहोंतून एक निवडावयाची. खालचें टोंक सोडून द्यावें, तर शून्यापासून सुरू होणाऱ्या रांगेसाठीं उणे एक लिहिण्याची पाळी येते, तेव्हां तें धरलेंच पाहिजे. अर्थात् वरचें सोडावयाचें. आणि तसें ठरलें, कीं यादीची मोजणी एकापासून न करतां शून्यापासून करणेंच सोयीचें. कारण मग 'न' वस्तूंच्या यादीच्या मर्यादा शून्य व 'न' अशा सुटसुटीत होतात. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील 'मेसा' भाषेचा अनुभवहि याच रीतीच्या बाजूनें साक्ष देतो, असें त्यांनीं नमूद केलें. शून्यापासून मोजणी ही पुष्कळांस आजहि विक्षिप्त वाटते. परंतु तिच्यामागें एवढा विचार आहे.

डायक्स्ट्रा यांनीं सोडलेल्या त्या ॲमस्टरडॅमच्या संस्थेंतच आपल्या कथेचा पुढील अंक घडला. १९८३ मध्यें तिचें नांव पालटून तें 'सी. डब्ल्यू. आय.' असें झालें. ॲल्गोल ६८ च्या सुधारलेल्या व्याख्येचे एक लेखक लॅम्बर्ट मेर्टेन्स हे तेथें आपल्या सहकाऱ्यांसह नवशिक्यांसाठीं 'एबीसी' नांवाची सोपी भाषा तयार करीत होते, आणि त्यांच्या हाताखालीं गीडो व्हान रॉसम हे तरुण गृहस्थ काम करीत. एबीसीचा प्रसार झाला नाहीं. पण १९८९ च्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटींत, व्हान रॉसम यांनीं स्वतःच एक भाषा रचावयास घेतली, व १९९१ च्या फेब्रुवारींत ती प्रसिद्ध केली. हीच 'पायथन' भाषा. आज ती जगभर शाळांपासून प्रयोगशाळांपर्यंत चालते, आणि आपल्या घरांतील मुलेंहि बहुधा तीच शिकत असतील.

पायथनमध्यें यादीच्या नांवापुढें चौकटी कंसांत '२० : ३०' असें लिहिलें, कीं विसाव्या क्रमांकापासून एकोणतिसाव्यापर्यंतच्या बरोबर दहा वस्तु मिळतात, तीसावी मिळत नाहीं. एबीसीमध्यें मोजणी एकापासून होती. पायथनमध्यें ती शून्यापासून झाली. अशा एका बाजूनें खुल्या मर्यादांच्या सौंदर्याची भुरळ आपणांस पडली, असें व्हान रॉसम यांनीं पुढें २०१३ मध्यें सांगितलें. आणि मुख्य प्रश्नाचें त्यांचें उत्तर होतें : उतारा. यादीचा काप म्हणजे एक नवीन यादी. तींत वाटेल ती खाडाखोड करा, मूळ यादीच्या आंकड्यांस धक्का लागत नाहीं. कंसांत नुसता अपूर्णविराम लिहिला, तर सबंध यादीचाच उतारा मिळतो.

पण या उताऱ्यासहि एक मर्यादा आहे, आणि ती न कळल्यामुळें पुष्कळ नवशिके ठेंचाळतात. समजा, प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवें एकच आंकडा नसून पांच विषयांच्या गुणांची एक लहान यादी आहे. अशा मोठ्या यादीचा काप घेतला, तर आंतल्या लहान याद्या उतरविल्या जात नाहींत. उतरविले जातात ते त्यांचे पत्ते. म्हणजे बाहेरून उतारा, आणि आंतून वांटा. कापांतील एखादी लहान यादी काढून तिच्या जागीं दुसरी ठेवली, तर मूळ तसेंच राहतें. परंतु त्या लहान यादींतील गणिताचे गुण बदलले, कीं ते मूळ निकालपत्रकांतहि बदललेले असतात. तळापर्यंतचा उतारा हवा असल्यास तो निराळा मागावा लागतो.

ही झाली साध्या यादीची गोष्ट. १९९५ मध्यें जिम ह्यूगनिन यांनीं पायथनमध्यें मोठमोठ्या आंकड्यांच्या कोष्टकांसाठीं 'न्यूमेरिक' नांवाची जोड तयार केली. तिच्यापासूनच पुढें ट्रॅव्हिस ऑलिफंट यांची 'नमपाय' निघाली व २००६ मध्यें तिची पहिली पूर्ण आवृत्ति आली. या मंडळींपुढें लक्षावधि आंकड्यांचीं कोष्टकें होतीं. प्रत्येक कापागणिक तीं उतरवीत बसणें त्यांस परवडणारें नव्हतें. म्हणून त्यांनीं ठरविलें कीं, कोष्टकाचा काप हा वांटा असावा. भाषा तीच, कंस तेच, अपूर्णविराम तोच. परंतु यादीवर लिहिला तर उतारा, आणि कोष्टकावर लिहिला तर वांटा! एखाद्या संशोधकानें वर्षभराच्या तपमानाच्या नोंदींतून जून महिन्याचा काप घेतला, व तुलनेसाठीं त्यांतील प्रत्येक आंकड्यांतून सरासरी जागच्या जागीं वजा केली, तर मूळ नोंदवहींतला जून महिनाच त्या क्षणीं नाहींसा होतो. यंत्र कुरकुर करीत नाहीं, कोठें लाल दिवा लागत नाहीं. पुढचीं सारीं गणितें बरोबर होतात, फक्त चुकीच्या आंकड्यांवर. अशी चूक पुष्कळ दिवस कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

तर मग उतारा हाच सर्वत्र नियम कां करूं नये, असें श्रोत्यांच्या मनांत येईल. आणि जेथें मूळ वस्तु बदलतांच येत नाहीं, तेथें वांट्याची भीति कसली, असेंहि कोणी विचारील. या दुसऱ्या शंकेचें उत्तर 'जावा' या भाषेनें दिलें आहे. १९९६ मध्यें आलेल्या या भाषेंत अक्षरांची माळ एकदां तयार झाली, कीं ती बदलतां येत नाहीं. म्हणून तिचा तुकडा मागितला असतां पुष्कळ वर्षें वांटाच मिळत असे; खाडाखोडीचें भय नव्हतें, व वेळ वांचत होता. परंतु कोणीं एखादा सबंध ग्रंथ वाचून त्यांतील दहा अक्षरें जवळ ठेवलीं, तर त्या दहा अक्षरांपायीं तो अख्खा ग्रंथ स्मृतींत अडकून पडे. कारण ग्रंथ गेला, तर वांटा कोठें राहणार? शेवटीं २०१२ मध्यें, जावाच्या सातव्या आवृत्तीच्या एका दुरुस्तींत, तुकडा म्हणजे उतारा असें ठरलें. स्मृति मोकळी झाली. परंतु जे लहान लहान तुकडे लाखोंनीं तोडीत होते, त्यांचीं कामें मंदावलीं. पहिल्या शंकेचें उत्तरहि यांतच आलें. दोन्ही पक्षांस किंमत द्यावी लागते; ती कोणाच्या खिशांतून जावी, एवढेंच काय तें ठरवितां येतें.

२००९ मध्यें जाहीर झालेल्या 'गो' भाषेंत 'स्लाइस' ही वस्तूच मुळीं वांटा आहे : आरंभ कोठें, लांबी किती, व पुढें वाढण्यास जागा किती, एवढेंच टांचण. त्या वांट्याच्या शेवटीं नवीन वस्तु जोडली, आणि पुढें जागा असली, तर ती मूळ यादीच्या पुढील खणांत जाऊन बसते व तेथील आंकडा पुसला जातो. जागा नसली, तर सारा वांटा उचलून दुसरीकडे नेला जातो, आणि त्या घटकेपासून तो उतारा होतो. एकच आज्ञा, पण परिणाम जागेवर अवलंबून. म्हणून २०१३ मध्यें वाढीची मर्यादा आपण होऊन आंखून देण्याची सोय त्या भाषेंत करावी लागली. २०१५ मध्यें पूर्ण झालेल्या 'रस्ट' भाषेनें आणखी पुढचें पाऊल टाकलें. तेथें काप म्हणजे उसनवारी समजली जाते. यादीचा भाग वाचण्यासाठीं उसना दिलेला असेपर्यंत मूळ यादींत फेरफार करूं पाहणारी आज्ञावली यंत्र मुळांतच नाकारतें. बोलाचालीचा करार तेथें कागदावर आला, व तो मोडतां येऊं नये म्हणून दारांत पहारेकरीहि बसला.

इतका प्रवास पाहिल्यावर एक गोष्ट मनांत ठसते. १९५७ मध्यें जागेच्या टंचाईमुळें हा प्रश्न आला, असें आपण म्हटलें. आज जागा अमाप झाली. पण प्रश्न गेला नाहीं, कारण स्मृति जितकी वाढली तितक्या याद्याहि वाढल्या. उतारा श्रेष्ठ कीं वांटा श्रेष्ठ, याचा कायमचा निकाल कोणीहि लावूं शकलेलें नाहीं. ज्याला निर्धास्तपणा हवा त्यानें जागा खर्चावी, ज्याला काटकसर हवी त्यानें जपून वागावें. धोका आहे तो या दोहोंपैकीं एकांतहि नाहीं. हातांत वांटा असतांना तो उतारा आहे असें समजून चालण्यांत आहे. तुमचीं मुलें संगणकापुढें बसून यादीचा काप घेत असतील, तेव्हां त्यांस एवढेंच विचारा : "बाळ, हें तूं उतरून घेतलें आहेस, कीं वांट्यानें ?" त्यास उत्तर देतां आलें, तर त्याचा अभ्यास ठीक चालला आहे असें समजावें. न आलें, तर वाड्याची भिंत पाडण्यापूर्वीं त्यानें एकवार खालीं जाऊन चौकशी करावी, हें बरें.